डोळ्यांनी दिलेला पेपर

१२ जानेवारी

मोठ्या डॉक्टरांना आज खडसावलं. खडसावायलाच हवं होतं. हा माणूस खाटेच्या पायथ्याशी उभा राहतो, खाटेवरच्या बाईकडे पाठ करतो आणि तिच्यादेखत, तिला स्वच्छ ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतो, "घरच्यांनी आता आशा धरू नये. शरीर आहे, माणूस नाही."

माझी धाकटी बहीण आहे ती. गेल्या उन्हाळ्यापर्यंत तरणतलावावर बायकामुलांना पोहायला शिकवत होती. मेंदूच्या देठाशी रक्ताची गुठळी अडकली आणि एका सकाळीत सगळं बंद पडलं. हात, पाय, मान, जीभ. गळ्यात श्वासाची नळी, पोटात अन्नाची नळी. हलतात ते फक्त डोळे.

"डोळे हलतात ना?" मी विचारलं.

"भिरभिरतात, आजी. त्याला अर्थ नसतो."

"मी तुमची आजी नाही. आणि अर्थ नसतो हे तुम्ही तिला विचारून ठरवलंत?"

डॉक्टर हसले. पहिलीतल्या पोराने फळ्यावर चुकीचा आकडा लिहिला की हसतात, तसे.

धाकटीचे महाशय शेजारी उभे होते. बायकोबद्दल एवढं बोलणं झालं, पण नवरा ढिम्म. उलट मान हलवली. गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात त्यांनी चौकशीही करून ठेवली आहे. न बोलणारी, न हलणारी माणसं तिथे ओळीने निजवलेली असतात. फेब्रुवारीअखेर डॉक्टरांचं मंडळ बसणार आहे. तिला कळतं असं ठरलं तर पुढचं तिला विचारून होईल, आणि मग मी तिला माझ्या घरी आणीन. कळत नाही असं ठरलं तर महाशयांची सही आणि त्या ओळीतली एक खाट.

तिला सगळं कळतं. परवा मी म्हटलं, "तुझे केस त्या नर्सने असे कापलेत की उंदराने कुरतडल्यासारखे दिसतात." तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. असं पाहिलं की बस्स. सगळं आयुष्य मी वर्गापुढे काढलं. फळ्याकडे तोंड असतानाही कोण ऐकतंय आणि कोण नाही, ते माझ्या पाठीला कळायचं.

१५ जानेवारी

मंडळाने एक मानसतज्ज्ञ मुलगी पाठवली आहे. उंच, काटकुळी, सरळसोट, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी मनातल्या मनात तिचं नाव फुटपट्टी ठेवलं.

तिची परीक्षा अशी. धाकटीच्या तोंडासमोर एक पडदा. त्याच्या चार कोपऱ्यांत चार चित्रं. यंत्रातून एक शब्द ऐकू येतो, समजा 'किल्ली'. ज्याला कळतं त्याची नजर किल्लीवर जाते. पडद्याखालचा कॅमेरा ती नजर कुठे गेली, किती वेळ टिकली, ते टिपून घेतो. बोलायचं नाही, लिहायचं नाही, बोट उचलायचं नाही. अशी परीक्षा मी जन्मात पाहिली नव्हती.

"आणि डोळे भिरभिरतात त्याचं काय?" मी विचारलं.

"थरथरतात, बाई. तो आजार डोळ्याच्या स्नायूंचा. त्यावरून बुद्धीबद्दल काही सांगता येत नाही. मी थरथर वजा करते आणि उरलेली नजर बघते."

मुलगी शहाणी आहे. मला बाई म्हणते. आजी नाही.

१८ जानेवारी

आज पहिली परीक्षा. धाकटीची डावी पापणी गळते, म्हणून ती बारीक चिकटपट्टीने वर धरली. दर थोड्या वेळाने डोळ्यांत थेंब. आधी एक ठिपका कोपऱ्याकोपऱ्यांतून फिरला, यंत्राला तिची नजर ओळखता यावी म्हणून. मग चित्रं.

मी पडद्याच्या उजव्या अंगाला उभी होते, तिला धीर वाटावा म्हणून. प्रत्येक शब्दाला मान हलवून "हं, कर" असं खुणावत होते.

निकाल वाईट. डोळे मिटून ठोकून दिलं असतं तरी पडले असते तेवढेच गुण. फुटपट्टीने आकडे पुन्हा पाहिले आणि म्हणाली, "एक गोष्ट आहे. जवळजवळ प्रत्येक वेळी त्या उजवीकडे बघतात. पडद्याच्या बाहेर."

"उजवीकडे मी आहे."

"हो. म्हणूनच पुढच्या वेळी तुम्ही बाहेर बसावं."

बाहेर बसावं! एवढ्या महिन्यांत तिला बघायला एकच ओळखीचा चेहरा आहे आणि ती तो बघते, तर दोष चेहऱ्याचा. पण मी शब्द गिळला. लहानपणी आमच्या मिशनच्या शाळेतल्या नन म्हणायच्या, राग आला की मनात पाढे म्हण. मी पाढे म्हटले.

२० जानेवारी

मावसबहिणीचा फोन आला. धाकटीच्या उशाशी बसूनच बोलले, बाहेरच्या बाकावर वारा फार लागतो. तिने विचारलं कसं काय, तर म्हटलं, "अगं, त्या सकाळीच गेली असती तर सुटली असती बिचारी. आणि आम्हीही." जे आहे ते आहे. मी तोंडावर बोलणारी बाई. पाठीमागे बोलायची सवय मला नाही.

२२ जानेवारी

ठरवलं. माझ्या वर्गातलं पोर असं नापास होत नाही.

त्या दिवशी पडद्यावर कोणतं चित्र कुठल्या कोपऱ्यात होतं ते मला आठवत होतं. कप वर डावीकडे, किल्ली खाली उजवीकडे, पक्षी, बूट, दिवा, सगळं. पुठ्ठे कापले, चित्रं काढली (चित्रकला माझी पहिल्यापासून बरी), आणि दुपारच्या भेटीच्या वेळेत तिच्यासमोर धरून बसले. "कप. कुठे कप? वर बघ. वर, डावीकडे. शाबास. किल्ली. खाली. पुन्हा."

थोड्या वेळाने ती डोळे मिटून घेते. मी पापणी हलकेच वर करते. हा तिचा आळस जुनाच. अभ्यासाला बसवलं की हिला झोप. पाण्यात मात्र तासन् तास.

नर्स आत आली आणि म्हणाली, "दमल्यात त्या."

"दमायला तिने काय केलंय? पडूनच आहे."

नर्सने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी तिला बाहेरची वाट दाखवली असती, पण वॉर्ड तिचा होता.

२५ जानेवारी

रोज तेच. आता कप म्हणताक्षणी नजर वर डावीकडे जाते. पालथ्या घड्यावर पाणी म्हणणाऱ्या मोठ्या डॉक्टरांना बोलावून दाखवावंसं वाटलं.

संध्याकाळी महाशय आले. हा माणूस येतो, खुर्ची ओढतो, तिचे पाय स्वतःच्या मांडीवर घेतो आणि चोळत बसतो. तोंडातून शब्द नाही. तिची नखं कापतो, कापलेली नखं कागदात गोळा करतो. मी म्हटलं, "बोला की तिच्याशी काहीतरी. मुक्या माणसापुढे मुकं बसून काय साधणार?"

"तिला कळत असेल तर माझं येणं कळतं," ते म्हणाले. "नसेल तर बोलून काय?"

याला उत्तर म्हणत नाहीत.

२९ जानेवारी

बाद. माझी बहीण बाद!

आज मी कबूल केल्याप्रमाणे बाहेर बसले होते. दार उघडलं तेव्हा फुटपट्टीचा चेहरा पेपर फुटल्याचं कळल्यावर एखाद्या परीक्षकाचा होतो तसा होता.

"बाई, मी दर वेळी चित्रांच्या जागा बदलते. आज कप खाली उजवीकडे होता. त्या वर डावीकडे बघत राहिल्या. किल्लीला खाली उजवीकडे. गेल्या वेळच्या जागा, एकही चूक नाही."

"मग? पाठ झालंय की नाही? पाठांतराला अक्कल लागत नाही का?"

"लागते. पण पाठ कोणी करून घेतलं?"

मी पुठ्ठे दाखवले. लपवायचं काय कारण? मी चोरी केली नव्हती, शिकवलं होतं.

तिने पुठ्ठे एकेक करून पाहिले. मग हळू म्हणाली, "तुम्ही त्यांना मागच्या प्रश्नपत्रिकेची उत्तरं घोकायला लावलीत. आज त्यांना चित्र दिसत होतं. त्यांना बहुधा हेही दिसत होतं की कप तिथे नाही. पण तुम्ही सांगितलेल्या जागी बघायचं, हे त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं. मंडळापुढे मी हे ठेवलं तर ते म्हणतील, सवयीने डोळा फिरतो, कुत्रं घंटा ओळखतं तसं. ही परीक्षा मला रद्द करावी लागेल."

"कुत्रं?"

"मी नाही म्हणत, बाई. ते म्हणतील."

एकच परीक्षा उरली आहे. नवीन चित्रं, नवीन प्रश्न. तोवर मी भेटायला यायचं नाही. मलाच बंदी! जिने तिच्यासाठी जिवाचं रान केलं तिला.

४ फेब्रुवारी

घरी बसून करायचं काय? मागची खोली रिकामी केली. कपाट ढकललं, पलंग खिडकीला लावला. उशाशी खुर्ची, माझी. इथून रस्ता दिसतो, समोरच्या घराचं दार दिसतं. सकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवीन, दुपारी काहीतरी चांगलं, अर्थपूर्ण. तिने कधी धड वाचलं नाही. आता वेळच वेळ आहे.

८ फेब्रुवारी

महाशय घरी आले. कधी येत नाहीत. चहा केला, घेतला नाही.

"ताई, ही परीक्षा नको होऊ दे."

मी म्हटलं, "का? ती पास होईल म्हणून भीती वाटते? मग सही करता येणार नाही, बिचाऱ्यांना!"

त्यांना राग आला नाही. या माणसाला रागही धड येत नाही. म्हणाले, "मी रोज सकाळी उठतो ना, तेव्हा एकच मागतो. तिला काही कळत नसू दे. कळत असेल तर ती इतके महिने त्या छताकडे बघत आत कोंडून पडली आहे. आपण तिच्यावरून हात पुढे करून एकमेकांना पाण्याची बाटली देतो, हवापाण्याच्या गोष्टी करतो, आणि ती ऐकते. तुम्ही काय मागताय ते तुम्हाला कळतं का?"

"मी सत्य मागते."

"तुम्ही तिच्या उशाशी बसून फोनवर म्हणालात, गेली असती तर सुटली असती. मी दारात होतो. तिला कळत असेल तर तेही कळलं."

"तिला माझा स्वभाव माहीत आहे," मी म्हटलं.

"हो," ते म्हणाले. "तो माहीत आहे."

आणि उठून गेले. चहा तसाच गार. पळपुटा माणूस. बायको जिवंत गाडलेली असण्यापेक्षा मेलेली बरी, असं म्हणणारा. मीही तसंच म्हटलं होतं म्हणे. पण मी रागाने म्हटलं, हे प्रेमाने म्हणतात. फरक आहे.

१७ फेब्रुवारी

आज परीक्षा. व्हरांड्याच्या टोकाला बाकावर बसले. महाशय दुसऱ्या टोकाला. मधून नर्सेसची ये-जा. बंद दारातून यंत्राचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. अधूनमधून नुसतं टिंग. वर्गातल्या मुलांच्या परीक्षेला मी कधी घाबरले नाही, आज घाबरले.

फुटपट्टी बाहेर आली आणि आधी माझ्याकडे नाही, महाशयांकडे गेली. मला ते खटकलं. पण नंतर तिने जे सांगितलं ते ऐकून सगळं विसरले.

चित्रं बरोबर. चारांतलं वेगळं कोणतं, बरोबर. एक छोटी गोष्ट ऐकवून त्यावरचे प्रश्न, एक सोडून सगळे बरोबर. आणि शेवटी उलट बघायची परीक्षा. ठिपका वर उमटला की खाली बघायचं, खाली उमटला की वर. "हे धडधाकट माणसालाही जड जातं," फुटपट्टी म्हणाली. "डोळा आपोआप ठिपक्याकडे धावतो. त्याला अडवून उलट वळवायला मनाचा ताबा लागतो. सुरुवातीला दोनदा चुकल्या, स्वतःच सावरल्या. मग चुकल्या नाहीत. आत माणूस आहे. पूर्ण आहे."

मी बाकावरून उठून म्हटलं, "काय सांगत होते मी? काय सांगत होते?" व्हरांड्यातले सगळे बघायला लागले. बघू देत.

महाशय भिंतीला टेकले आणि तसेच घसरत खाली बसले. दोन्ही हातांनी तोंड झाकून. नर्सने पाणी आणलं. आनंदाच्या प्रसंगी असं करणारा पुरुष मी पाहिला नाही.

१९ फेब्रुवारी

तिला आता हो आणि नाही शिकवलं आहे. वर बघितलं की हो, डोळे मिटले की नाही. काही सुचवायचं नसेल तर समोर. खोलीत महाशय आणि मी, शिवाय फुटपट्टी आणि नर्स.

पहिला प्रश्न फुटपट्टीने विचारला. कुठे दुखतंय का?

वर.

मग एकेक अवयव. पाय? मिटले. पाठ? मिटले. गळा? मिटले. डोकं? वर. डोक्याची उजवी बाजू? मिटले. डावी? वर. नर्सने तिला कुशीवरून हळूच फिरवलं. डावा कान डोक्याखाली दुमडला होता. पान मुडपावं तसा. कडेला लालभडक जखम, जुनी, वर नवी. डाव्या कुशीवर वळवताना कान सरळ करायचा कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. गेल्या उन्हाळ्यापासून.

मग मी नर्सला बोलले. सगळं बोलले. ती रडली.

"आणखी काही?" फुटपट्टीने विचारलं. वर. खोलीतलं काही? वर. दाराकडचं? खिडकीकडचं? छताकडचं? वर. छतावरची ट्यूबलाइट बरोबर तिच्या डोळ्यांवर आहे. पापणी नीट मिटत नाही. आम्ही ती दिवसभर चालू ठेवायचो, तिला उजेड वाटावा म्हणून. मीच सांगितलं होतं.

दिवा बंद केला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. थेंब टाकल्याचं असेल.

जाताना मी विचारलं, "मी रोज येत होते ते कळत होतं ना तुला?" वर. "बरं वाटायचं ना?" वर नाही, मिटले नाहीत. ती नुसती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. मी पुन्हा विचारलं. तीच भिंत. कॅमेरा जरा हलला असावा, फुटपट्टीला सांगितलं. तिने तपासलं नाही.

२६ फेब्रुवारी

मंडळ बसलं. मोठ्या डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता कागदावर लिहिलं की रुग्णाला समजतं, आणि स्वतःबद्दलचे निर्णय घेता येतात. जिंकले. मग त्यांनी तिला विचारायचं ठरवलं, कुठे राहायचं.

पडद्यावर चार चित्रं. महाशयांच्या घराचा फोटो, माझ्या घराचा, शुश्रूषागृहाचा. चौथ्या कोपऱ्यात 'यातलं काही नाही'. फुटपट्टीने सगळं समजावून सांगितलं. प्रत्येक ठिकाणी कोण असेल, काय मिळेल, काय मिळणार नाही. माझ्या खोलीबद्दल मी सांगितलेलंही सांगितलं, खिडकीसकट. शुश्रूषागृहाबद्दल काही लपवलं नाही.

धाकटीची नजर शुश्रूषागृहावर गेली. आणि तिथेच राहिली.

"जागा बदला," मी म्हटलं.

बदलणारच होते म्हणे. बदलल्या. पुन्हा शुश्रूषागृह. पुन्हा बदलल्या. पुन्हा तेच.

"तिला कळलेलं नाही," मी म्हणाले.

मोठे डॉक्टर मान वर करून म्हणाले, "कळतं, हे तुम्हीच तर आम्हाला पटवलंत."

"चित्रं कळतात. हे नाही कळत. ती जागा कशी आहे तिला माहीत नाही. तिथे रेडिओ दिवसभर बडबडत असतो. ती दमली आहे. परीक्षा पुन्हा घ्या."

"ताई," महाशय म्हणाले, "जाऊ दे तिला." त्यांच्या घराच्या फोटोकडेही तिने बघितलं नव्हतं, एकदाही नाही. तरी म्हणतात, जाऊ दे.

मी रीतसर अर्ज दिला आहे. रुग्णाची समज पुन्हा तपासावी. अक्षर वळणदार आहे, पण मजकूर कठोर.

३ मार्च

अर्ज फेटाळला. दोन ओळींत.

५ मार्च

फुटपट्टीने तिला अक्षरांचा तक्ता दिला आहे. अक्षरं ओळींत मांडलेली. आधी ओळ सांगायची, ती वर बघते, मग त्या ओळीतलं अक्षर. काना, मात्रा, वेलांटी वेगळी. एक शब्द व्हायला चहा गार होतो.

मला समोर बसायची परवानगी मिळाली. मी म्हटलं, विचारा तिला, का. का ती जागा?

पहिलं अक्षर 'त'. मी म्हटलं, "ताई! ताई म्हणते!" फुटपट्टी म्हणाली, "बाई, पूर्ण होऊ द्या." पुढचं अक्षर 'थ'. मी म्हटलं, "चुकलं." धाकटीने डोळे मिटले. फुटपट्टीने माझ्याकडे बघितलं. शाळेत मी पोरांकडे बघायचे तसं. मी गप्प झाले. असं मला कोणी गप्प केलं नव्हतं, शाळेतल्या त्या नन सोडून.

सगळं झालं तेव्हा दुपार टळली होती. फुटपट्टीने कागदावर उतरवलेलं वाचलं. "तिथे ओळखीचं कोणी नाही."

"बघा!" मी उसळून म्हटलं. "तक्रार करते आहे! तिथे तिच्या ओळखीचं कोणी नाही, एकटी पडेल, तेच मी पहिल्यापासून सांगते आहे!"

फुटपट्टीने कागद खाली ठेवला. "बाई, आपण विचारलं होतं, ती जागा का निवडली. हे त्यांचं कारण आहे."

मी धाकटीला विचारलं, "तक्रारच आहे ना ही?"

मिटले.

"आम्ही इतकी वाईट माणसं?"

ती समोर बघत राहिली. मग महाशयांकडे. ते पायाशी होते, नेहमीसारखे. त्यांनी तिच्या तळव्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आधी ताईंनी सांभाळलं, मग मी. तिला काय हवं ते कोणी विचारलंच नाही. तिनेही सांगितलं नाही. आता विचारल्यावर सांगते आहे." आणि तिच्याकडे वाकून, "मी येऊ का तिथे? कधी कधी?"

वर.

मी काही विचारलं नाही. विचारायची वेळ संपली, असं नर्स म्हणाली.

१४ मार्च

नेलं तिला.

१९ मार्च

मागच्या खोलीत कपाट परत आणून ठेवलं. एकटीने ढकललं, कंबर धरली आहे. मावसबहिणीने फोनवर विचारलं, काय झालं शेवटी? म्हटलं, काही नाही, बहीण हुशार निघाली.

२ एप्रिल

शुश्रूषागृहात गेले. बस तिथे बाहेरच्या फाटकापर्यंतच जाते, मग चालायचं. रेडिओ खरंच दिवसभर चालू असतो. पण तिच्या खोलीत नाही.

तिथल्या परिचारिकेने मला बाहेर बाकावर बसवलं. "विचारून येते. त्यांचा नियम आहे. कोणी आलं की आधी विचारायचं."

"मी तिची सख्खी मोठी बहीण आहे."

"हो, पण विचारायचं."

बराच वेळ गेला. मग ती कागद घेऊन आली. "या म्हणाल्या. पण एक अट आहे. बोलायचं नाही."

"कोणी?"

"तुम्ही."

"महाशय येतात त्यांनाही ही अट आहे का? तिच्या नवऱ्याला?"

"त्यांना वाचून दाखवायला सांगतात. पुस्तकंही त्याच निवडतात."

मला वाटलं उठावं आणि तडक घरी जावं. ऐकून घेणारी बाई मी नाही. शिवाय तो कागद कोणी लिहिला, कसा लिहिला, तिने खरंच एवढं सगळं सांगितलं की या बाईनेच जुळवलं, हजार प्रश्न होते. "तुम्ही अंदाजाने भरलं असेल," मी म्हटलं.

"नाही हो. अंदाज केला की त्या डोळे मिटून घेतात आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावतात. मी आता करतच नाही."

आत गेले. दिवा बंद, खिडकी उघडी. कान सरळ, उशीत त्याच्यापुरती खळी केलेली. केस वाढलेत, कोणीतरी नीट विंचरलेत. पडदा मळका होता. पलीकडच्या खोलीत एक म्हातारा एकसारखा खोकत होता. मावसबहिणीकडची बातमी होती, तरणतलावावरच्या बायका तिची चौकशी करतात ते सांगायचं होतं, मुख्य म्हणजे मला काय वाटलं ते सांगायचं होतं. खुर्ची ओढली, बसले, जीभ दातांखाली धरली. किती जड असते ती, मला माहीत नव्हतं.

तिच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर काहीतरी वाचलं असतं, आणि वाचलं ते बोलून दाखवल्याशिवाय मला राहवलं नसतं. चादरीवरच्या तिच्या हाताकडे पाहत बसले. पाण्याने कायम सुरकुतलेली असायची ती बोटं. आता कोरडी, गुळगुळीत, कोणा दुसऱ्याचीच वाटतात. धरावी असं वाटलं. त्याची परवानगी कागदावर नव्हती. धरली नाही.

वेळ संपल्यावर उठले. येते, एवढंही म्हटलं नाही.

बाहेर येऊन परिचारिकेला म्हटलं, "पुढच्या आठवड्यात येऊ का, विचारा."

"आज बघितलंत ना, बरं वाटलं असणार त्यांना. या की."

"विचारा," मी म्हटलं.

ती आत गेली. लवकर आली नाही. मी बाकावर बसून राहिले आणि कसलाही अंदाज केला नाही.